खालून वाचलेलं पुस्तक

जे पुस्तक तुम्ही चारचौघांत वाईट ठरवलंत, ते तुम्ही खरंच सगळं वाचलं होतंत का?

मी नव्हतं वाचलं. चाळीस पानांचं होतं. तासाभरात उलटलं आणि त्यावर ब्लॉगवर लेख लिहिला. आज त्या पुस्तकाची एकही प्रत कुठे शिल्लक आहे का, मला माहीत नाही. आणि भिवंडीजवळच्या शेलार गावात एक बाई त्यातलं एकच पान ऐकायला मिळावं म्हणून वाट बघते आहे. ते पान तिच्यावर लिहिलेलं आहे. तिला वाचता येत नाही. हे कसं झालं ते मी सांगणार आहे, आणि सांगताना स्वतःचं वकीलपत्र घेणार नाही.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते आणि संघटनेतही होते. शिफ्ट सुटताना कारखान्यांच्या दारात वाटायची पत्रकं आमच्याच घरात गठ्ठ्यांनी पडलेली असायची. गुलाबी, पिवळी, पोपटी. उरलेली आई घडी घालून डब्यांखाली अंथरायची, म्हणून माझी अक्षरओळख डाळ-तांदळाच्या डब्यांखाली झाली. बालवाडीत बाईंनी विचारलं, "ध कशाचा?" सगळी मुलं म्हणाली धनुष्याचा. मी म्हणाले धिक्काराचा. बाईंनी आईला बोलावून घेतलं. पप्पांनी मात्र ही गोष्ट वर्षभर सगळ्यांना सांगितली.

पत्रक कसं वाचायचं हेही त्यांनीच शिकवलं. "खालून वाच. आधी मागणी काय ते बघ. मग सह्या कोणाच्या ते बघ. वरचं रडगाणं सगळ्यांचं सारखंच असतं, वेळ उरला तर वाच." त्यांचं बरोबर होतं. दारात उभं राहून वाचायच्या कागदाला दुसरी रीत नसते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लूमच्या खडखडाटात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठांनी बोलतात. प्रत्येक अक्षर तोंड पूर्ण उघडून, चावल्यासारखं. समोरचा ते ओठांवरून उचलतो. तीस वर्षं असं बोलल्यावर तोंडाला तीच सवय लागते. पप्पा जेवताना "मीठ दे" म्हणाले तरी त्यांचे सगळे दात दिसायचे. आई म्हणायची, "अहो, घरी आहात. तोंड जरा बारीक करा." आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून लोळायचो.

कॉलेजात गेल्यावर ग्रंथालयातून मी पहिली कादंबरी आणली. संपली तेव्हा मी ती घेऊन परत गेले आणि तिथल्या मॅडमना म्हणाले, "ह्याची शेवटची पानं फाटलीत."

त्यांनी उघडून पाहिलं. "काही फाटलेलं नाही गं. संपलं इथे."

"पण मग मागणी काय होती?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मागणी? तू पुस्तक वाचत होतीस की मोर्चाला गेली होतीस?"

मला राग आला. त्याच रागातून ब्लॉग सुरू झाला. मी फोनवर लिहायचे, आठवड्याला एक पुस्तक, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी तोच प्रश्न: मागणी काय? ज्या पुस्तकाकडे उत्तर नसेल त्याला मी सोडायचे नाही. लोकांना ते आवडू लागलं. "आग लावलीस," असं कोणी खाली लिहिलं की दिवस चांगला जायचा. मी मन लावून वाचत होते, असं मला वाटायचं. खरं तर मी पुस्तकांच्या खिशात हात घालून एकच वस्तू शोधत होते.

काका पप्पांचे लूमवरचे जोडीदार. दोघांची लूम शेजारी-शेजारी. काका शेलारच्या शेतकरी घरातले. शेत कधीच गेलं, तिथे आता गोडाऊन आहेत. लूममध्ये कानही गेले. कारखाना बंद झाल्यावर पप्पा वॉचमन झाले आणि काका घरी बसून शाळेच्या वहीत लिहू लागले. कोणाला पत्ता नव्हता. एक दिवस दुपारी ते पिशवी घेऊन आमच्याकडे आले आणि एक पुस्तिका माझ्या हातात ठेवली. हिरवं मुखपृष्ठ, त्यावर हाताने काढलेला धोटा. धोटा म्हणजे लूममध्ये दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकूड.

"तू पुस्तकांवर लिवतेस ना गो? यावर पन लिव."

मी तोंड मोठं करून म्हणाले, "काका, मी खरं तेच लिहिते. आवडलं नाही तर?"

"त तसा लिव. बरा-वायट काय आसंल ता लिव. पन लिव."

पप्पा हसले. "बघ हां, ही सोडायची नाही तुला."

"मालकानं सोडला न्हाय, ही काय सोडतंय," काका म्हणाले आणि आईने दिलेला चहा बशीत ओतून प्यायले.

मी ती पुस्तिका खालून वाचली. शेवटचं पान आधी. तिथे मागणी नव्हती. तिथे लूमला नमस्कार होता. माझं डोकं फिरलं. पहिलं पान वाचलं, मधली भराभर उलटली. कुठेच मालकाचं नाव नाही. कान कोणी घेतले त्याचा जाब नाही. मध्येच एक पान लग्नाच्या साली बायकोबरोबर अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेल्याचं. मी लेखात लिहिलं की ज्या यंत्रानं कान खाल्ले त्याचीच आरती करणारं हे पुस्तक आहे, आणि कामगाराच्या आयुष्यावर लिहिताना गरम कुंडाची सहल कशासाठी? पुरावा म्हणून त्यांची चार वाक्यं उतरवली. त्यातली दोन अशी होती: "दोरा तुटला की लूम येगली बोलते. मानूस बहिरा झाला तरी ता पायांतून कलता." त्याखाली मी लिहिलं, "बहिरा झाला नाही काका, बहिरा केला."

हे शेवटचं वाक्य खूप लोकांनी पुढे पाठवलं.

दोन दिवसांनी पप्पा घरी आले ते खुशीत. टपरीवर त्यांनी माझा लेख फोनवरून वाचून दाखवला होता. चहावाला म्हणाला होता, "अरे चाचा, बेटी ने क्या लिखा है, सुनाओ ना." चार-पाच जण जमले, पप्पांनी सगळा वाचला, बहिऱ्याच्या वाक्याला लोक हसले. नंतर चप्पल काढता काढता ते म्हणाले, "तो पण होता समोरच्या बाकड्यावर. मी आवाज खाली घेतला. उगाच कशाला त्याला."

"काही म्हणाले का काका?"

"त्याला काय ऐकू येतंय. चहा प्याला, हात केला, गेला."

आई पोळ्या लाटत होती. आम्हा तिघांनाही माझ्या लहानपणापासूनची ती नक्कल माहीत होती, ते तोंड माहीत होतं. तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

त्या आठवड्यात काका पुन्हा आले. उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "पोरी, ता पुस्तक दे. छपाईत एक चूक राह्यलीय. सुधरून आनतो." मी विचारलंही नाही, कोणती चूक. त्यांच्याकडे साधा फोन होता, त्यामुळे लेख त्यांच्यापर्यंत पोहोचला असेल असं माझ्या मनात आलं नाही. आणि मनाच्या तळाशी, हे लिहायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं: पोहोचला तरी ह्यांना काय कळणार. मी पुस्तिका फडताळातून काढून दिली. त्यांनी ती पिशवीत टाकली. पिशवीत आणखी बऱ्याच होत्या.

पुढे काका टपरीवर दिसेनासे झाले. पप्पा म्हणायचे, त्याला दम लागतो, शेलारहून येववत नसेल. उन्हाळ्यात ते गेले. सकाळी अंगणात बसल्या बसल्या. पप्पा अंत्यविधीला गेले, माझी परीक्षा होती. महिन्याभराने मी आणि पप्पा काकूंना भेटायला गेलो.

काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मला जवळ बसवलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "तुझ्याकडं ता पुस्तक हाय का गो? एक तरी राह्यला असंल."

"काकांनी नेलं, काकू. चूक सुधारायला."

"सगल्यांचाच नेला. कोन गावच्या पावन्यांकडनं पन मागून आनला." त्यांचा हात तांदळात थांबला. "चूक कनची? सायझिंगच्या कारखान्यात बॉयलरात घातला सगला. पुतन्या तिथं ड्युटीला हाय, तो नको नको म्हनत व्हता. वही पन घातली."

मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा काकूंकडे पाहत होते. "कशापायी पण?" ते म्हणाले.

काकूंनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "तुमच्या तोंडावरनं वाचला त्यांनी, भाऊ. टपरीवर. घरी येऊन माना सगला सांगितला, आक्षर न आक्षर."

"मी आवाज खाली घेतला होता," पप्पा म्हणाले.

"हां. पन तोंड?"

त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला काहीतरी धरायला मिळालं असतं. पप्पांनी तळहात तोंडावर ठेवला आणि तसेच बसून राहिले.

मी हट्टी आहे. अशा वेळीही मी विचारलं, "काकू, पण काकांनी मालकाचं नाव का नाही घेतलं?"

"कसा घेल? पोरगा त्याच्याच गोडाऊनला हाय. नाव घेतला आन् दुसऱ्या दिशी पोरगा घरी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ता जाऊंदे. माना म्हनाले व्हते, तुझ्यावर एक पान लिवलाय, अकलोलीचा. मी म्हनली, वाचा मंग. त म्हनले, छापून येऊंदे, सगल्यांच्या म्होरं वाचतो. छापून आला, त चूक निघाली. तू त वाचलंस ना गो? काय व्हता त्या पानावर?"

मला आठवेना. गरम पाणी होतं, वाफ होती, एवढंच. काकूंचं वय किती होतं, त्या काय बोलल्या, पाण्यात पाय घातला की नाही, काहीच नाही. ज्या पानाला मी सहल म्हणून हिणवलं, त्यावरची एक ओळ मला येत नव्हती. मी लिहिणारी मुलगी आहे. तिथल्या तिथे चार ओळी रचता आल्या असत्या आणि काकूंनी त्या जन्मभर जपल्या असत्या. जिभेवर आल्याही होत्या.

"काकू, ते पान मी नीट वाचलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या. "च्या घेशील ना?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

 तेव्हापासून पप्पांनी काहीही मोठ्याने वाचलेलं नाही. पत्रक आलं की माझ्यासमोर ठेवतात.

ज्या दुकानात पुस्तिका टाइप झाली तिथे मी गेले. कॉम्प्युटर बदलला होता, जुनं काही उरलं नव्हतं. पुतण्याला भेटले. तो म्हणाला, एक प्रत मागे ठेवायला हवी होती, पण काका समोर उभे होते. आज काकांच्या पुस्तकातली फक्त चार वाक्यं जगात आहेत, आणि ती माझ्या त्या लेखात आहेत. मारण्यासाठी मी जी उचलली होती तीच तेवढी वाचली. लेख काढून टाकावा असं मला शंभर वेळा वाटलं. काढला तर ती चारही जातील. म्हणून लेख आहे तिथेच आहे. फक्त नावं काढली आहेत, इथेही लिहीत नाही. मुलगा अजून त्याच गोडाऊनला आहे.

मालकाला जाब विचारायला हवा, हे मी आजही म्हणते. पण तो विचारण्याचं काम माझं होतं. मी मालकावर एक ओळ लिहिली नाही. बहिऱ्या माणसावर पूर्ण लेख लिहिला. ते सोपं होतं. पत्रकं पुढच्यासाठी असतात, उद्यासाठी, म्हणून ती खालून वाचून चालतं. काका तर मागचं लिहीत होते, आणि ते सगळं मधल्या पानांत होतं. आता मी कुठलंही पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचते, एक पान झालं की थांबते आणि त्यावर काय होतं ते न बघता स्वतःला सांगून बघते. सांगता आलं नाही तर परत वाचते. हळू चालतं. महिन्याला एखादाच लेख होतो, वाचणारेही कमी झाले आहेत.

काकू मात्र थांबल्या आहेत. पप्पांना रस्त्यात भेटल्या तर अजून विचारतात.

काकांनी प्रती शेलारला वाटल्या होत्या, कोन गावात वाटल्या होत्या, अकलोलीकडच्या काकूंच्या माहेरच्या माणसांना दिल्या होत्या. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही दिली होती म्हणतात. सगळ्यांनी परत केल्या असतील असं मला वाटत नाही. तुम्ही ह्या भागातले असाल तर आज घरात बघा. टीव्हीखालचा कप्पा, रद्दीचा गठ्ठा, लग्नपत्रिकांची पिशवी. हिरवं मुखपृष्ठ, त्यावर धोटा. सापडलं तर मधलं अकलोलीचं पान काढा, त्याचा फोटो ह्या लेखाखाली टाका. फोटो नीट येत नसेल तर ते पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने, सावकाश वाचा आणि रेकॉर्ड करून पाठवा. काकूंना ते ऐकायचंच आहे.