विहिरीतला घुमारा

आर्वीत हिरालालच्या माईकच्या दुकानात प्रेमदास लागला तो भोंगे खांद्यावर वाहायला. दोन वर्षांत तो आवाज मोठा करणारं मशीन उघडून दुरुस्त करू लागला आणि तिसऱ्या वर्षी नागपूरच्या एका बँडवाल्याकडून जुनी हवाईन गिटार घेऊन आला. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांबीने वाजवायची ती. टेलिफोनच्या मोडक्या रिसीव्हरमधलं चुंबक काढून, त्याभोवती तांब्याची तार गुंडाळून त्याने ते तारांखाली बसवलं आणि गिटारचा आवाज थेट मशीनमध्ये घातला. जीनमध्ये कापूस उचलणाऱ्या बापाच्या पोराला हे कोणी शिकवलं, ते देव जाणे. पण प्रेमदासने छप्पन साली नागपुरात बुद्धाची दीक्षा घेतली होती, त्यामुळे देवाला यात ओढायचं कारण नाही. डोकं त्याचं स्वतःचंच होतं.

फक्त एका गोष्टीने त्याचा पिच्छा पुरवला होता. रेडिओवरची गिटार वाजायची तेव्हा एकेका सुरामागून तोच सूर पुन्हा हलकेच यायचा. याची गिटार मात्र कोरडी वाजायची. तो घुमारा कुठून आणावा? त्याने रांजणात माईक ठेवून पाहिला. आवाज सर्दी झाल्यासारखा आला. जीनच्या रिकाम्या गोदामात छान जमलं, पण कापूस आला आणि सगळा आवाज गिळून बसला. शेवटी त्याला विहीर सापडली. एक छोटा भोंगा आणि एक माईक विहिरीत सोडायचा. गिटारचा सूर भोंग्यातून खाली जाणार, दगडांवर आपटणार, माईकात शिरणार आणि मांडवातल्या मोठ्या भोंग्यांतून क्षणभर मागून निघणार. साधी युक्ती, पण अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला सुचली नाही.

मग लग्नाच्या गावी तो आदल्या दिवशीच जाऊन विहिरी पाहू लागला. काठावर ओणवा होऊन "ओऽ" करायचा आणि परत येईपर्यंत बोटं मोजायचा. उथळ विहिरीत सूर सुरावरच चढतो. पाणी असलं तर धारदार परततो, कोरडी असली तर मऊ. आई कमलाबाई म्हणायची, "लोक नवरी पाह्यले जातेत, हा विहिरी पाह्यले जाते." खरंच, त्याचं लग्न राहूनच गेलं.

खाली उतरायचं, बांधायचं काम धाकट्या भावाचं, कवडूचं. कवडूला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. पण दादाला घुमारा पाहिजे ना, मग पाहिजे. आवाज मात्र दोघा भावांचा हुबेहूब एक होता. कवडूची बायको सुलोचनासुद्धा पाठमोरी असली की फसायची.

अठ्ठावनच्या वैशाखात सुलोचनाच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. दीक्षेनंतर वस्तीने डफडं सोडलं होतं, नवीन रीतीच्या लग्नात नवीन वाजवणं हवं होतं. त्या गावामागे नानाजींची संत्र्याची बाग होती, झाडं वाळून गेलेली. बागेतली विहीर साठ हात खोल, कोरडी, तळाला पाल्याचा कुजका थर. प्रेमदासने "ओऽ" केलं आणि त्याचा चेहराच उजळला. अशी विहीर त्याला कधी मिळाली नव्हती.

सकाळी भोंगा आणि माईक वरूनच दोरीने सोडून सगळं जोडलं, पण खालचा भोंगा आणि माईक फार जवळ आले होते, त्यामुळे मांडवात कानठळ्या बसवणारी शिटी वाजत होती. वरून दोरी ओढून माईक नीट सरकेना, म्हणून कवडू दोराला धरून उतरायला निघाला. नानाजी काठावर उभे होते.

"कंदील सोडून पाह्यला का रे?"

"आवाज सोडून पाह्यला ना, नानाजी. विहीर साफ हाये," प्रेमदास म्हणाला.

"आवाजानं हवा समजते का? खाली कंदील इझला त माणूसही इझते. थांबा, मी घरून आणतो."

"वरात येऊन राह्यली, नानाजी!"

नानाजी पुटपुटत घराकडे गेलेच. कवडू हसला. "दादा, तू जाय मशीनजोळ. मी सरकवतो."

"पोचला का माईकात ओ देजो," म्हणत प्रेमदास मांडवाकडे पळाला. शंभर पावलांचं अंतर. तो पोचतो न पोचतो तोच शिटी बंद झाली. जमलं म्हणायचं! त्याने समोरचा माईक ओढून मोठ्याने हाक दिली, "ओऽ!"

भोंग्यातून उत्तर आलं, "ओऽ". आणि थोडं थांबून पुन्हा, जरा बारीक, "ओऽ". मांडवातल्या बाया हसल्या. सुलोचनाने लाजून मान खाली घातली.

प्रेमदास वाजवायला बसला. त्या दिवशीसारखा घुमारा त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. प्रत्येक सूर मऊ होऊन, रेंगाळून परत येत होता. म्हातारी माणसं बोलणं थांबवून ऐकत राहिली. त्याने एक धून पुरी वाजवली आणि दुसरी धरली.

दुसरी अर्ध्यावर असताना नानाजी धावत आले. हातातला कंदील विझलेला होता. "अर्ध्यातच इझला रे! पोरगं खाली हाये!"

तोंडाला ओली फडकी बांधून, कमरेला दोर लावून गावातले दोघे श्वास रोखून उतरले आणि कवडूला वर काढलं. अंग थंड पडत चाललं होतं. उतरलेल्यांपैकी एकाने सांगितलं की तो भोंगा आणि माईक यांच्या मधोमध पडला होता, माईक जागचा हललाही नव्हता. बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. प्रेमदासला सगळं तिथल्या तिथे कळलं. माईक कोणी सरकवलाच नव्हता. शिटी थांबली ती भाऊ मध्ये पडला म्हणून. तो मऊपणा भावाच्या अंगावरून येत होता. आणि ती ओ कवडूची नव्हती. त्याचीच हाक खाली जाऊन त्याच्याकडे परत आली होती. ज्या माणसाने गावोगावच्या विहिरींना ओ म्हणून पाहिलं, त्याला आपला आवाज ओळखता आला नाही. तेव्हाच धावला असता तर? हे "तर" त्याला जन्मभर पुरलं.

दुपारी जमादार पंचनाम्याला आला. हाक मारली होती का, त्याने विचारलं. प्रेमदासच्या आधी मांडवच बोलला, "मारली ना साहेब. दोन डाव ओ आली, आमी सगळ्याइनं ऐकली." जमादाराने तसं लिहून घेतलं. प्रेमदास गप्प राहिला. याला दया म्हणा, भित्रेपणा म्हणा. मला विचाराल तर दोन्ही होतं.

गिटार त्याने हिरालालच्या माळ्यावर टाकली. पुढे तो फक्त मशीन दुरुस्त करायचा, तेही मान वर न करता.

पाचव्या दिवशी सुलोचना अंगणात त्याच्यासमोर येऊन बसली. डोळे कोरडे होते. दोन वर्षांच्या संसारात तिच्या हाती राहिली होती ती तेवढी ओ.

"भाऊजी, तुमचे कान तिखट हायेत, म्हणून इचारतो. त्याइनं ओ देली, तवा आवाजात तरास होता का?"

खरं सांगायचं ते आत्ताच, पुन्हा सांगता येणार नाही, हे प्रेमदासला समजत होतं.

"नाई वो बाई," तो म्हणाला. "आवाज लय खुशीत होता."

आणि आवाज खुशीत होता, एवढं मात्र खरं होतं.