ती माफी मी ठेवून घेतली

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोला माझी शुगर किती, गुडघा कुठला दुखतो, सगळं ठाऊक आहे, हे नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — खरंच, माहीत नाही.

मी इंग्रजीचा मास्तर. आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी झाली. आता वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत राहतो आणि समोरच्या खोलीत ग्रामरची शिकवणी घेतो. त्यात एक धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला नको वाटतो. जे घडलंच नाही, पण घडलं असतं तर काय झालं असतं — त्या वाक्यांचा धडा. 'तो आला असता, तर भेटला असता.' मराठीत दोन्हीकडे 'असता'. म्हणून मी इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' ठोकून द्यायचो. कित्येक वर्षं. विचारणार कोण? त्या गावात इंग्रजी म्हणजे मीच.

नुसती चूक शिकवली असती, तर हे लिहिलं नसतं.

दहावीत वैशाली नावाची मुलगी होती. बाप शेतकरी, घरात शाळा शिकणारी ही पहिलीच. मी फळ्यावर वाक्य लिहिलं, आणि ती उठली. "सर, पयल्या भागात 'हॅड' पाह्यजे ना? पुस्तकात तसं हाये." वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू मला असं झोंबलं म्हणता! मास्तर कोण, तू का मी? — असं काहीबाही ओरडलो. वडिलांना घेऊन ये, तोवर वर्गात पाय ठेवू नकोस, म्हणालो. ती दप्तर उचलून गेली. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं मला — काय माणूस असेन मी?

शाळा सुटल्यावर मी पुस्तक उघडलं. तिचं बरोबर होतं.

इथपर्यंतही ठीक म्हणा. सकाळी वर्गात सांगून टाकायचं, पोरी, तुझं खरं. दोन मिनिटांचं काम. घरून तसं ठरवूनच निघालो होतो, शप्पथ. पण शाळेच्या व्हरांड्यात तिचे वडील आधीच उभे होते. कापसाची वेचणी टाकून आलेले, धुतलेला सदरा घातलेला, हात जोडलेले. बाकीचे मास्तर दारात येऊन बघत होते. "पोरगी नादान हाये, सर. माफ करा तिले," ते म्हणाले. आणि तिला — "पाया पड सरांच्या."

ती वाकली.

मला माहीत होतं. कळतंय ना तुम्हाला? — मला तेव्हा सगळं माहीत होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वर म्हणालो, असू दे, चुका होतात पोरांच्या हातून. वडिलांचे डोळे भरून आले. सर किती मोठ्या मनाचे, असं म्हणत ते शेताकडे परत गेले.

पुढच्या चाचणीत तेच वाक्य मी मुद्दाम विचारलं. का विचारलं? तिनं बरोबर लिहावं म्हणून? का ती वाकली की नाही ते बघायला? तिनं माझ्यासारखं लिहिलं. दोन्हीकडे 'वुड हॅव'. मी लाल पेनानं बरोबरची खूण केली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिनं हात वर केला नाही. बोर्डाच्या परीक्षेत काय लिहिलं असेल, कोण जाणे. पुढच्या वर्षीपासून मी गुपचूप बरोबर शिकवायला लागलो. तिच्या वर्गाला मात्र कधीच सांगितलं नाही.

गेल्या जूनमध्ये ती शिकवणीच्या दारात आली. ओळखायला वेळ लागला. केस पांढरे व्हायला लागलेत. आता इथं वर्ध्यातच राहते म्हणाली. सोबत मुलगी, आठवीतली, चुणचुणीत. खोलीत आल्याआल्या भिंतीवरचा तक्ता वाचायला लागली आणि म्हणाली, "सर, हे असंच काऊन लिहितात?"

वैशालीनं झटकन तिचा दंड धरला. आवाज चढवला नाही, चेहऱ्यावर राग नव्हता. शिकवल्यासारखं हळू म्हणाली, "सरांले उलटून इचारू नोको. ते सांगतीन तेच बरोबर."

मुलीनं तक्त्यावरची नजर काढली. मी बाजूलाच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.