चार ट्रक, एक जहाज आणि तायडेसाहेब

फोन आला तेव्हा मी अमरावतीला राजापेठेत कोथिंबिरीच्या एका जुडीवरून भाजीवालीशी वाद घालत होतो. अकोल्याहून वहिनी बोलत होत्या. "भाऊजी, साहेब गेले." आणि मी, उभं आयुष्य ट्यूशन क्लासमध्ये पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेला शहाणा माणूस, विचारतो काय, तर "कुठी?" शेवटी वहिनींच्या भावानं फोन घेतला आणि मला उलगडून सांगितलं. सकाळचा चहा अर्धा झाला होता, कप खाली ठेवला आणि मान कलली, बस. माझ्या आयुष्यातल्या मूर्ख प्रश्नांत हा पहिल्या नंबरचा. पण आता काही आठवडे उलटल्यावर वाटतं, मधुकरला तो प्रश्न आवडला असता. कोणी कुठे निघालं असं कानावर आलं, की कुठे, कशानं, कोणत्या रस्त्यानं, हे विचारल्याशिवाय हा माणूस जागचा हलत नसे.

मधुकर तायडे म्हणजे अमरावतीच्या हॉस्टेलमधला माझा रूम पार्टनर. पुढे तो वजनमाप खात्यात निरीक्षक झाला आणि त्यानं अकोल्याला जठारपेठेत घर बांधलं. लोक त्याला साहेब म्हणत. मीही म्हणायचो, पण चिडवायला. रिटायर झाल्यावरसुद्धा तो दुकानात शिरला, की मिठाईवाला पेढ्यांखालचा पुठ्ठ्याचा डबा काट्यावरून मुकाट उचलून बाजूला ठेवी. खोटं बोलणं म्हणजे काटा मारणं, एवढी साधी त्याची नीती. माझ्या बायकोनं एकदा हौसेनं विचारलं, "भाऊजी, वांग्याची भाजी कशी झाली?" तर म्हणतो, "मागच्या खेपेपेक्षा कमी बिघडली." बायको त्या दिवशी माझ्यावर रागावली, मित्र असले कुठून आणता म्हणून. हल्ली तीच हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि सांगताना पदर डोळ्याला लावते.

त्याची एकुलती एक लेक प्रज्ञा. मधुकरचे वडील दुसऱ्याच्या वावरात राबले. घरातली पहिली सरकारी नोकरी मधुकरची आणि दुसरी प्रज्ञाची. तिची ऑर्डर आली तेव्हा साहेबांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. आणि एक दिवस तिनं ती नोकरी सोडली. प्रवासी जहाजावर, त्या तरंगत्या हॉटेलात, स्वागतकक्षात उभं राहायचं काम धरलं. मधुकर भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याशी बोलायचाच थांबला. दोन-अडीच वर्षं सगळा कारभार वहिनींच्या मार्फत. "तिले सांग, तब्येत सांभाळ म्हना." "बाबांले सांग, बीपीची गोळी घ्या म्हना." एकाच घरचे दोघं आणि मध्ये वहिनी... तार ऑफिसच जणू.

मग एके दिवशी प्रज्ञानं वहिनींच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. दहा-बारा मजली पांढरं जहाज बंदर सोडून निघालंय, धक्क्यावरची माणसं हात हलवताहेत, आणि जहाजाचा भोंगा चक्क एक रॉकची धून वाजवतोय. धून म्हणजे तीच, जी गिटार हाती आलेलं जगातलं प्रत्येक पोरगं पहिल्याच आठवड्यात वाजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना छळतं. हॉस्टेलमध्ये उसन्या गिटारवर मीही ती वाजवायचो. तीन सूर बरोबर यायचे आणि चौथ्याला मधुकरची चप्पल यायची. त्यामुळे त्यानं ती लगेच ओळखली. मला फोन केला, "मास्तर, ज्या धुनीपायी तू चपला खाल्ल्या ना, थे जहाज वाजवून राह्यलं!"

मी व्हिडिओ पाहिला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "साहेब, हे बनावट आहे. भोंग्याची लांबी ठरलेली, म्हणून त्याचा सूर ठरलेला. एका भोंग्यातून धून निघतच नाही. आवाज कोणीतरी मागून चिकटवला."

मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "म्हंजे पोरगी मले खोटं दाखवून राह्यली, असं म्हनतं तू?"

आपण काय बोलून बसलो हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. मी सारवासारव करायला गेलो, पण तो ऐकेल तर शपथ. "नाही नाही, आता थांबू नको. तपासून पाहू ना."

तपासणी झाली मूर्तिजापूरजवळच्या एका ढाब्यावर, भर दुपारी. तो अकोल्याहून आला, मी अमरावतीहून. त्याचा तर्क साधा होता. एका भोंग्यात सूर एक, हे कबूल. पण जहाजावर भोंगे अनेक असले तर? आणि वेगवेगळ्या आवाजाचे भोंगे रांगेत उभे कुठे सापडतात, तर ढाब्यावर, ट्रकांच्या नाकात. साहेबांनी जेवायला थांबलेल्या ड्रायव्हरांना गाठून प्रत्येकाचा हॉर्न वाजवून पाहिला आणि भाजीवाल्यानं टोमॅटो निवडावे तसे चार ट्रक निवडले. त्यातला एक बुजुर्ग ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, शादी है क्या किसी की?" मधुकर म्हणाला, "नहीं भाई, बेटी का मामला है." त्यावर तो बिचारा पुढे काही न विचारता मुकाट गाडीत जाऊन बसला.

संगीताचा जाणकार म्हणून इशारे देण्याचं काम माझ्याकडे. डावा हात म्हणजे पहिला ट्रक, उजवा म्हणजे दुसरा, गळ्यातला दुपट्टा हलवला की तिसरा आणि दोन्ही हात वर केले की चौथा. पहिले दोन सूर असे लागले, की माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्याला ड्रायव्हर मोबाईलमध्ये बघत होता. मी घाबरून "थांबा, थांबा!" म्हणत दोन्ही हात वर केले, तर चौथ्यानं इमानेइतबारे हॉर्न दाबला, तो वाजला म्हणून उरलेल्या तिघांनी दाबला, आणि मी जितके जोरात हात हलवून थांबवू लागलो, तितके ते जोशात आले. आचारी झारा घेऊन बाहेर धावला. "हे काय लावलं बे म्हाताऱ्यांनो!" मी दुपट्ट्यात तोंड लपवलं. आणि मधुकर? तो रस्त्याच्या कडेला उभा राहून लहान पोरासारखा हसत होता. म्हणाला, "जमते बे मास्तर! मानूस बरोबर असला तं जमते. चार भोंगे असले का धून निंघते." मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरगी खोटं नाही बोलून राह्यली."

त्या संध्याकाळी त्यानं वहिनींना सांगितलं, "तिले इचार, जहाज मुंबईले कधी येते." प्रज्ञाचं उत्तर आलं: अमुक दिवशी संध्याकाळी जहाज धक्का सोडेल, मी कॅप्टनच्या माणसांना विनंती केली आहे, बाबांसाठी ते धून वाजवतील. कुठे उभं राहायचं तेही तिनं नीट कळवलं होतं. साहेबांनी केस कापून घेतले, पांढरा शर्ट कडक इस्त्री करवून घेतला. गाडीत रात्रभर मला विचारत होता, "भेटलो तं पयले काय बोलू बे?" भेट होणार नाही, नुसतं लांबून बघायचं आहे, हे मी तीनदा सांगितलं. तरी विचारतच होता.

मुंबई मला तळहातासारखी ठाऊक, असं मी घरून निघतानाच जाहीर केलेलं. तळहात म्हणजे तिथे हजेरी लावलेली दोन लग्नं आणि एक मुंज. प्रज्ञानं कळवलेला धक्का शोधत बसण्यापेक्षा मी त्याला थेट गेटवेला नेलं. समुद्र एकच आहे, जहाज इथूनच जाणार, हे माझं भौतिकशास्त्र. समोर लांब एक पांढरं जहाज उभं होतं. मी बोट दाखवलं, "ते बघ!" मधुकर कठड्याला धरून उभा राहिला. ऊन उतरलं, दिवे लागले, आम्ही त्या जहाजाला हात हलवत राहिलो. शेवटी शेजारच्या शेंगदाणेवाल्याला दया आली. "काका, वो जहाज कल से उधरीच खड़ा है. बड़ावाला तो कब का निकल गया."

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. मधुकरनं कठड्यावरचा हात काढला आणि म्हणाला, "तिचा नंबर लाव." त्याच्या मोबाईलमध्ये तो नव्हताच. मी माझ्यावरून लावला. आणि ज्या माणसानं वांग्याच्या भाजीबद्दलही कधी खोटं सांगितलं नाही, तो फोनवर म्हणाला, "हां, बाबा बोलून राह्यलो. आयकलं, बाई. चांगलं वाजलं. लय चांगलं वाजलं... तू जेवली काय?"

परतीच्या गाडीत मी धीर करून म्हटलं, "तायडेसाहेब, आज तुम्ही काटा मारला." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मारला. दंड तू भर."

त्यानंतर बापलेक रोज बोलू लागले. प्रश्नांचा नुसता पाऊस. समुद्राचं पाणी गोडं कसं करता? इतक्या माणसांचे बटाटे कोण तोलते? आन् जहाज हललं तं काट्याचा काटा हलत नाही काय? शेवटच्या प्रश्नासाठी म्हणे तिला जहाजाच्या भटारखान्यात जाऊन मुख्य आचाऱ्याला विचारावं लागलं. हे असं जेमतेम वर्षभर चाललं.

बातमी कळली तेव्हा प्रज्ञाचं जहाज भर समुद्रात होतं. बापाचं शेवटचं दर्शन नाही, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही पोचली नाही. ती आली गेल्या आठवड्यात. मी जठारपेठेत गेलो तर मायलेकी मधुकरच्या खोलीत जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. खिडकीजवळ त्याची वेताची खुर्ची. तिच्यात कोणी बसू नये आणि ती रिकामीही दिसू नये, म्हणून वहिनी वाळलेले कपडे आणून तिच्यावर ठेवतात. ते कपडे घडी होत नाहीत, की कपाटात जात नाहीत.

प्रज्ञानं विचारलं, "काका, त्या दिवशी मुंबईत तुमी दोघं कुठी होते?"

मी घसा साफ केला. गेटवे, शेंगदाणेवाला, सगळं सांगायची तयारी करून म्हटलं, "हे बघ बेटा, चूक माझी..."

"काका, भोंगा वाजलाच नव्हता." ती मेथीकडे बघत म्हणाली. "ऐन टायमाले परवानगी भेटली नाही. मी रडून राह्यली होती, बाबांले फोन कोन्या तोंडानं करू म्हनून. तेवढ्यात तुमच्या नंबरवरून त्याईचाच फोन. चांगलं वाजलं म्हने."

"मग तू सांगितलं कावून नाही?" मी विचारलं.

"काय सांगू? नोकरी सोडल्यापासून माया कोन्या गोष्टीले ते पयल्यांदा चांगलं म्हनले होते."

मी आ वासून वहिनींकडे बघितलं. त्या शांतपणे काड्या वेगळ्या करत होत्या.

"मले दोघायनंही त्याच दिवशी सांगतलं होतं," वहिनी म्हणाल्या. "यायनं म्हनलं, मी आयकलं नाही, तिले सांगू नको. तिनं म्हनलं, वाजलं नाही, बाबांले सांगू नको. इतके वर्सं इकडचं तिकडं पोचवलं, भाऊजी. एक नाही पोचवलं."

मग त्या उठल्या. खुर्चीवरचे सगळे कपडे कवेत घेऊन पलंगावर टाकले आणि लेकीला म्हणाल्या, "खाली कायले बसली? बस तिथं."