करारातलं ‘थांब’

मी तापट आहे, हे जळकोटला माझ्या सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. मी स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा रचायला घेतली तेव्हा धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, तुमच्यावानीच खडूस होणार बघा ती.” झालीही तशीच.

धाराशिवच्या कॉलेजात मी शिकवते. इंग्रजी शब्दांचा पोरांना धसका बसतो, म्हणून ही भाषा मराठीत. तिच्यात आधी ‘वस्तू’ लिहायची, आणि त्या वस्तूला काय काय करता आलंच पाहिजे, ते ‘करारा’त लिहायचं. यंत्राच्या करारात मी सुरू, थांब आणि हाल, म्हणजे यंत्र चालू आहे की बंद ते सांगणं, ही कामं घातली. यातलं एकही कोरं राहिलं तर प्रोग्रॅम चालणारच नाही. कॉलेजातले सोबती म्हणाले, जरा सैल सोडा. मी सोडलं नाही. अर्धवट वचन मला माणसांतही खपत नाही.

दिरांनी त्याच भाषेत विहिरीतल्या मोटारीचा प्रोग्रॅम लिहिला. लाइट आली की घरबसल्या मोबाइलवरून मोटार सुरू करायची, एवढीच त्यांची हौस. स्टार्टरला सुरू करायची वायर जोडली, बंद करायची राहिली. ‘थांब’ कोरं. भाषा अडून बसली.

“आवो, थांब मागनं लिहितो की! आज नुसती सुरू होऊ द्या.”

“नाही.”

“ऊस वाळाया लागलाय, वहिनी.”

“मग वायर जोडा.”

सासूबाई मध्ये पडल्या, “एवढं ताणायचं कशाला गं?” मी ताणलंच. घरात कुणी माझ्याशी धड बोलेना. मग एका सकाळी दीर हसत आले, “चालली बघा तुमची भाषा!” मला वाटलं, जोडली वायर. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी पाणी कमी यायला लागलं. मोटारीच्या जाळीत शेवाळ अडकलं असणार. सासरे धोतर खोचून विहिरीच्या पायऱ्यांवर गेले. “पोरी, कर बंद.” मी मोबाइलवर ‘थांब’ दाबलं. उत्तर आलं: थांबली. ते उतरू लागले.

वाकून बघायला म्हणून मी पाइपावर हात टेकला. पाइप थरथरत होता. पुन्हा दाबलं. थांबली. पाइप थरथरतोच आहे! मोटार पाण्यात, वीज चालू, आणि सासरे पाण्याच्या जवळ पोचलेले. वायर कुठं कुरतडलेली असली तर संपलंच.

“मामा! पाण्यात पाय घालू नका! वर या!” माझा आवाज फाटला.

काठावर उभे असलेले दीर स्टार्टरच्या पेटीकडं पळाले, मेन स्विच ओढला. पाइप गप्प झाला. सासरे शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे होते.

ते वर आल्यावर मी तिथंच दिरांचा प्रोग्रॅम उघडला. ‘थांब’च्या खाली एकच ओळ होती: सांग “थांबली”. बस्स. मोटारीला हात लावणारं एक अक्षर नाही. वायर जोडलेलीच नव्हती.

“तुमच्या भाषेला उत्तर पायजे होतं,” दीर पुटपुटले. “म्या दिलं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोरी जागा मी पकडू शकत होते. भरलेली जागा खोटी निघाली तर? भाषा लिहिलेलं बघते, नियत बघत नाही. आता ‘थांबली’ हे मोटारीच्या वस्तूला म्हणूच द्यायचं नाही, वीज मोजणाऱ्या मीटरनं म्हणायचं, एवढं तिथंच ठरलं.

पण राग काही उतरेना.

“मेन स्विच परत लावा, भाऊजी,” मी म्हणाले. “मोटार सुरू करा. मामांना बसू द्या सावलीत. जाळी तुम्ही काढा, मी इथनं ‘थांब’ दाबते.”

त्यांनी मोबाइलकडं बघितलं, मग विहिरीकडं.

“उतरा की. ‘थांबली’ म्हणंल ती.”

त्यांनी पायातली चप्पलसुद्धा काढली नाही.