खिळा कापणारी सुरी

मुलाने ऑनलाइन सहा सुऱ्या मागवल्या. सहाही दातेरी, म्हणजे सहाही बिनकामाच्या. त्यांच्या जाहिरातीत एक माणूस हसत हसत प्लास्टिकची बाटली कापतो. त्याला पाहून मला धुळ्याच्या यात्रेतला सुरीवाला आठवला.

त्याने आधी खिळा कापला, मग टोमॅटो. माना डोलावणाऱ्या बायकांत मी सर्वांत पुढे, नवी सून. मागून सासूबाई, आमच्या अक्का, म्हणाल्या, "आपला घरमा खिया कोन खास वं?" घरात खिळे कोण खातं, हे त्यांचं अहिराणी चारचौघांत ऐकून मला लाज वाटली. सुरी घेतलीच.

अक्कांची सुरी करवतीच्या तुटक्या पात्याची, दाते घासून काढलेली, मुठीला चिंधी गुंडाळलेली. लोणच्याच्या बरणीच्या खरबरीत तळावर दोनदा घासली की ती वांग्याच्या भरतासाठी कांद्याची पात आवाज न करता चिरायची. असलं काळं ध्यान पाहुण्यांसमोर नको, म्हणून मी ते भंगारात दिलं.

यात्रेतली सुरी महिन्यात बोथट झाली. दात्यांमुळे बरणीवर धारही लागेना. अक्का मग भरतात पात शेवटपर्यंत हाताने तोडून घालत राहिल्या, माझ्यासमोर बसून.