खापरावरची खरपुडी

शेकडो वर्षांपूर्वीचं एक खापर मी घासून लख्ख केलं होतं. आज सिंकपाशी करपलेल्या भाताचा वास आला आणि मिनेसोटातल्या तळ्याकाठचं ते उत्खनन आठवलं. आम्ही नवरा-बायको तिथे हौशी स्वयंसेवक. ओल्या मातीचा वास, गार वारा, आणि मी शाबासकीच्या आशेनं टूथब्रशनं काळी खरपुडी काढतोय.

उत्खननाच्या प्रमुख बाईंनी खापर तळहातावर घेतलं. "त्या जळक्या थरावरूनच कळणार होतं, ही माणसं काय शिजवायची ते," त्या हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हा मनात म्हटलं, डागच तर होता! आता वाटतं, कुणाच्या तरी घरचा स्वयंपाक मी बादलीत विसळून टाकला.

बायको मात्र तिथेच म्हणाली, "घरी कधी एक भांडं घासलं नाहीस, आणि घासलंस ते नेमकं हे!"