कुठल्या घड्याळाचे नऊ?

तौसीला फाईल द्यायची म्हणजे चौकीत जबाब द्यायचा! सरोवराच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या किगोमाच्या कचेरीत माझं टेबल तिच्या शेजारी, त्यामुळे तिचा जाच मला रोजचा. मोजलं कुणी? कुठे? पाण्यात किती खोल? कशानं?

"अगं बाई, आकडे आहेत ना खाली!" मी वैतागायचे.

"आकड्यांना काय कळतंय ते कशाचे आहेत? फाईलच्या माथ्यावर लिहिलं नाही, तर ते बेवारशी."

आणि अशी ही जगाची उलटतपासणी घेणारी बाई फसली कुठे, तर बापाच्याच फाईलमध्ये.

तिचे वडील, मझे (म्हणजे म्हातारबुवा) सालेहे, तारुण्यापासून धक्क्यावर रोज दोनदा पाण्याचं तापमान मोजायचे. दोरीला बांधलेला तापमापक सोडायचा, वाचायचा, लिहायचा. गेल्या रमजानपासून त्यांना दिसेनासं झालं नि मोजणी थांबली. तौसीनं सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवले आणि जगभरच्या सरोवरांची माहिती साठवणाऱ्या संग्रहाकडे पाठवले. म्हातारा रोज विचारायचा, "पोचलं का गं माझं पाणी?"

पोचलं, पण फाईलभर 'संशयास्पद' असा शेरा मारून परत आलं. सकाळी नऊलाच पाणी एवढं तापतं कसं? आणि रात्री एकला धक्क्यावर कोण उभं असतं?

तौसीनं कपाळावर हात मारला. आमच्याकडे तास मोजायचे ते सूर्य उगवल्यापासून. सकाळचे सात म्हणजे आमचा एक, दुपारचे तीन म्हणजे आमचे नऊ. म्हाताऱ्यानं एक नि नऊ लिहिलं, हिनं तसंच चढवलं, आणि वेळेच्या रकान्यात कचेरीचं घड्याळ लिहून मोकळी झाली. घरच्या वेळेबद्दल कुणी विचारतं का कधी!

"बाबांचा अख्खा जन्म खोटा ठरवला मी," ती म्हणाली नि तोंड फिरवून बसली.

संग्रहाचं म्हणणं असं, की आकड्यांना हात लावू नका, वर्णन सुधारा. आणि त्याच जागी, त्याच वेळी एकदा मोजून दाखवा, म्हणजे शेरा काढू.

मग आम्ही दोघी मझे सालेहेंना धरून धक्क्यावर घेऊन गेलो. डगा मासे वाळत घातलेल्या बायका ओरडल्या, "या म्हातारबुवा! तुमच्यावाचून पाणी थंड पडलंय!"

"तुमच्या जिभा तेवढ्या गरम आहेत अजून!" म्हातारा हसला. मग त्यानं गाल उन्हाकडे केला, जरा थांबला. "नऊ झाले बघ."

माझ्या फोनवर तीन वाजले होते.

दोरी त्यानंच सोडली. हाताला खोली पाठ होती. तापमापक वर आला तेव्हा मात्र त्यानं तो तौसीपुढे धरला.

"सव्वीस पूर्णांक नऊ दशांश," ती म्हणाली.

"दुपारचं पाणी. बरोबर आहे."

तिथंच बसून तिनं फाईलचा माथा त्याला वाचून दाखवला. "वेळ, सूर्योदयापासून मोजलेली, कचेरीच्या घड्याळासाठी सहा तास मिळवावेत. निरीक्षक, सालेहे." म्हातारा मान हलवत होता. मग मोजणी संपल्याच्या रकान्यावर तिनं बोट ठेवलं. "शेवटची तारीख... आजची घालू ना, बाबा?"

"का? तळं आटलंय का?"

"बाबा, तुम्हाला आता..."

"आजचं वाचलं कुणी?"

"मी."

"मग निरीक्षकात माझ्यामागे तुझं नाव घाल. एवढी सगळ्यांना शिकवतेस! आणि ती तारीख राहू दे मोकळी."

तौसी बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले, लपवू कशाला!

पुढच्या आठवड्यात शेरा निघाला. ते कळलं त्या रात्री म्हातारा मक्याच्या पिठाची उगाली दोन घास जास्त जेवला, असं तौसी सांगत होती. हल्ली दुपारी तीनला कुणी तिला शोधत आलं, की मी धक्क्याकडे बोट दाखवते. तिथं दोरी बाप सोडतो आणि आकडा लेक वाचते.